हिंज उघडल्यामुळे तुटलं, आपटल्यामुळे नाही : लॅपटॉप कंपनीला खुलं पत्र

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि भारतातला कारभार बघणारे साहेब किंवा मॅडम, जे कोणी असाल ते,

नमस्कार.

तुमच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. केस नंबर घालून हेच पत्र तुम्हाला वेगळं पाठवलंय, त्यामुळे कोणाबद्दल चाललंय ते तुम्हाला कळेलच, आणि बाकी वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी दुसऱ्याच कंपनीचा लॅपटॉप घेतलाय त्यांनाही हे वाचून आपलीच गोष्ट वाटायची शक्यता आहे, म्हणून नाव नसलेलंच बरं.

तुमच्याकडून आलेल्या शेवटच्या मेलचा अर्थ एवढाच होता की तपासणीत ग्राहकाने केलेलं नुकसान आढळलं, वॉरंटी लागू नाही, एस्टिमेट मान्य असेल तर पैसे भरा. मला ते मान्य नाही आणि गप्प बसून पैसे भरणंही मान्य नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

मी इचलकरंजीत राहते आणि घरातूनच अकाउंट्सचं काम करते. सूतवाले, यंत्रमागवाले, एक सायझिंग (सुताला खळ लावणारा कारखाना), काही किराणा दुकानं अशी गिऱ्हाइकं आहेत. ज्यांचं रिटर्न महिन्याचं आहे त्यांचं 7 तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरणं, 11 ला जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचं रिटर्न, 20 ला 3बी म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न, असा माझा महिना ठरलेला असतो. 3बी चुकलं की दिवसाला 50 रुपये लेट फी, निल असलं तरी 20, आणि भरायचा कर राहिला असेल तर त्यावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. हे पैसे क्लायंट भरतो पण भरताना माझ्याकडे बघून भरतो, आणि पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला देतो. टॅली, सगळ्यांचा डेटा, डिजिटल सहीचे टोकन, सगळं त्या एका लॅपटॉपवर चालतं. 54,990 ला घेतला होता, जीएसटी धरून, आणि त्या जीएसटीचं क्रेडिट मला मिळत नाही कारण माझं उत्पन्न रजिस्ट्रेशनच्या 20 लाखांच्या मर्यादेच्या खूप आत असल्याने माझं स्वतःचं रजिस्ट्रेशनच नाही. लोकांचं क्रेडिट जुळवत बसणाऱ्या बाईला स्वतःचं क्रेडिट नाही, असो.

तर हा लॅपटॉप टेबलावरच असतो. बॅगेतून फिरत नाही, पोरांच्या हातात जात नाही. अकराव्या महिन्यात स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, हिंजच्या म्हणजे झाकणाच्या बिजागरीच्या वर, पट्टी किंचित उचलल्यासारखी दिसायला लागली, उघडताना कर्र असा आवाज यायला लागला, आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी झाकण उघडताना कोपरा सरळ फाकला. आतलं प्लास्टिक तुटून पितळी नटासकट बाहेर आलं.

हे का होतं ते मी आमच्या गावातल्या रिपेअरवाल्याच्या टेबलावर बसून समजून घेतलं, कारण तुमच्याकडून कोणी सांगितलं नाही. हिंज स्टीलचं असतं आणि ते मुद्दाम कडक ठेवतात, म्हणजे स्क्रीन जिथे सोडली तिथे थांबावी, बरोबरच आहे ते. पण ते स्टील ज्या स्क्रूंनी धरलंय ते स्क्रू बसतात छोट्या पितळी नटांमध्ये, आणि ते नट बसवलेले असतात प्लास्टिकच्या बारक्या खुंट्यांमध्ये, गरम करून दाबून. म्हणजे झाकण उघडताना सगळा जोर शेवटी त्या प्लास्टिकच्या खुंटीवर. त्यात हिंजमधलं ग्रीस वाळलं की हिंज आणखी घट्ट होतं आणि जोर आणखी वाढतो. स्टील वाकत नाही, पितळ वाकत नाही, मग तुटणार कोण? बरं हे सगळं आतमध्ये, ग्राहकाला दिसत नाही, तेल घालायला जागा नाही, स्क्रू आवळायला जागा नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये हिंजची काळजी कशी घ्यावी यावर एक ओळ नाही, मी शोधली. झाकण मधोमध धरून उघडा असंही कुठे लिहिलेलं नाही, आणि लिहिलं असतं तरी मी तसंच उघडते.

घराच्या दाराची बिजागरी दार उघडून उघडून वर्षाच्या आत निखळली तर आपण सुताराला बोलावतो, घरातल्यांना दार का उघडलंत म्हणून बिल लावत नाही. लॅपटॉप हा उघडूनच वापरायचा असतो हो.

आता तुमच्या वागण्याबद्दल.

पहिली गोष्ट म्हणजे लॅपटॉप नीट तपासलाच नाही. कोल्हापूरच्या ऑथराइज्ड सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढले, ते कुठल्यातरी टीमला पाठवले, आणि तिकडून सीआयडी असा शेरा आला, म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज. त्या टीममधल्या कोणी लॅपटॉप हातात घेतला नाही. बाहेरून एक ओरखडा नाही, कोपऱ्याला पोचा नाही, स्क्रीनला तडा नाही, हे तिथल्या जॉब शीटवर, म्हणजे लॅपटॉप जमा करतानाच्या कागदावर, त्याच मुलाने लिहिलंय. आपटला असता तर काहीतरी खूण नको का? आपटल्याची खूण नाही आणि तरी आपटला, हे अनुमान कोणी काढलं, कशावरून काढलं, त्याचं नाव-हुद्दा काय, मी विचारलं तर उत्तर "मॅडम सिस्टममध्ये तसंच येतं". फोटोंची कॉपी मागितली, ती पॉलिसीत बसत नाही म्हणे. माझ्याच लॅपटॉपचे फोटो, ज्यांच्या जोरावर मला दोषी धरलंय, ते मलाच बघायला नाहीत.

त्या काउंटरवरच्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, हे इथे लिहून ठेवते. तो बिचारा खालच्या आवाजात म्हणाला की या मॉडेलची अशीच येतात सगळी. त्याचं नाव मी कुठेही घेणार नाही, तुम्हीही शोधत बसू नका.

दुसरी गोष्ट वॉरंटीची तारीख. तक्रार वॉरंटी चालू असताना केली, मेल आहे, जॉब शीटवर तारीख आहे. त्यानंतर तुम्ही केस एस्कलेट केली, मग बंद केली, का बंद केली विचारलं तर ग्राहकाकडून प्रतिसाद नाही म्हणून, मग मी पुन्हा उघडायला लावली तर नवीन नंबर मिळाला, आणि या नवीन नंबरच्या तारखेला वॉरंटी संपलेली होती! मग पुढचा माणूस फोनवर म्हणतो मॅडम तुमचं तर आऊट ऑफ वॉरंटी दाखवतंय. घोळ चुकून झाला असेल असं समजायला मी तयार आहे, पण तो दाखवून दिल्यावरही दुरुस्त करत नाही त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तिसरी, एस्टिमेट. तुटलंय काय, तर झाकणाच्या आतली प्लास्टिकची खुंटी. एस्टिमेट कशाचं, तर स्क्रीनसकट पूर्ण वरच्या भागाचं, 17,400 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 20,532. स्क्रीन चांगली चालू आहे. नुसतं झाकण आणि हिंजची जोडी द्या म्हटलं तर तो पार्ट वेगळा येत नाही म्हणतात. आमच्या रिपेअरवाल्याने ड्रॉवर उघडून दाखवला, त्यात याच मॉडेलची झाकणं होती, प्लास्टिकच्या पिशवीत नवी कोरी, कोणी बनवली देव जाणे, पण बाजारात तयार मिळतायत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात याच्याएवढा बोलका पुरावा दुसरा नाही. दुकानदार जो माल खपतो तोच भरून ठेवतो. ग्राहक जर आपापल्या निष्काळजीपणाने लॅपटॉप फोडत असते तर कोणाची स्क्रीन गेली असती, कोणाचा कीबोर्ड, कोणाचा चार्जिंगचा पोर्ट. सगळे मिळून त्याच उजव्या कोपऱ्यावर कसे निष्काळजी झाले?

तो रिपेअरवाला मला 800 रुपयांत करून देतो म्हणाला, अरल्डाइटचा गोंद लावून किंवा आरपार बोल्ट मारून. त्या दुकानात असे बोल्ट मारलेले लॅपटॉप बघितलेत, झाकणावर बाहेरून दोन स्क्रूची डोकी दिसतात, चांगले चालतात. तुमच्या इंजिनिअरांनी एकदा जाऊन बघावेत.

चौथी गोष्ट पासवर्डची. प्लास्टिकचं झाकण बदलायला तुम्हाला माझा विंडोजचा पासवर्ड का लागतो? आणि डेटा गेला तर कंपनी जबाबदार नाही अशा कागदावर सही का लागते? माझ्या लॅपटॉपवर लोकांचे पॅन नंबर, बँक स्टेटमेंट, जीएसटीचे लॉगिन आहेत. मी पासवर्ड दिला नाही म्हणून जॉब शीटवर "ग्राहकाचे सहकार्य नाही" असा शेरा मारला गेला. तो शेरा काढा, एवढं तरी लगेच करता येईल.

पाचवी, ती अपघात कव्हरची ऑफर. "तुम्ही ॲक्सिडेंटल डॅमेज प्रोटेक्शन घेतलं असतं तर हे फ्री झालं असतं." ॲक्सिडेंट झालेलाच नाही. तुमच्या वस्तूत खोट असेल तर तिचा विमा मी माझ्या पैशाने काढायचा, असा याचा अर्थ होतो.

1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला पण तक्रार केली. तिथले लोक नीट बोलले, तक्रार तुमच्याकडे पाठवली, तुम्ही तिथे तेच सीआयडीचं उत्तर चिकटवलं आणि तक्रार बंद. हेल्पलाइन समेट घडवू शकते, आदेश देऊ शकत नाही, हे तुम्हाला माहितीये आणि आता मलाही माहितीये.

मग तुमच्या लीगलकडून एक मेल आला, त्यात दोन मुद्दे होते ज्यांचं उत्तर इथे उघड देते कारण हे मुद्दे अनेकांना घाबरवायला वापरले जात असणार. एक, मी लॅपटॉप व्यवसायासाठी वापरते म्हणून मी कायद्याने ग्राहकच नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) मध्ये व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण तिथेच खाली स्पष्टीकरण दिलंय की स्वतः वापरायला, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरायला घेतलेली वस्तू त्या व्यावसायिक कारणात धरायची नाही. मी एकटी, एक लॅपटॉप, एक टेबल. माझ्याकडे नोकर नाहीत. दोन, काही वाद असेल तर तो तुमच्या हेड ऑफिसच्या शहरातल्याच कोर्टात चालेल असं बारीक अक्षरात छापलंय. त्याच कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, 1986 च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. म्हणजे माझ्यासाठी कोल्हापूर. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी शून्य. वकील लागतोच असं नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते.

कायद्यातल्या प्रॉडक्ट लायबिलिटीच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या, प्रकरणावरून मी नुकसानभरपाई मागणार नाहीये, कारण त्यात वस्तूचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत हे मी वाचलंय. माझं म्हणणं साधं आहे, वस्तू सदोष आहे आणि सेवेत कसूर आहे. कलम 39 खाली आयोग दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, भरपाई द्या असे आदेश देऊ शकतो. आणि दोष आहे की नाही हे नुसतं बघून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मला ते हवंच आहे. तुटलेला तुकडा पितळी नटासकट मी डबीत ठेवलाय.

तुम्ही म्हणाल एका हिंजसाठी एवढं? तर तुमच्याच धंद्यातलं एक जुनं उदाहरण सांगते. 1994 मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली. थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाला आकडे जुळेनात म्हणून सापडली. कंपनीने आधी काय म्हटलं, की साध्या स्प्रेडशीटवाल्याला ही चूक 27,000 वर्षांतून एकदा भेटेल, आणि चिप बदलून हवी असेल तर तुम्हाला अशा आकडेमोडीची खरंच गरज आहे हे आधी दाखवा. लोक खवळले ते चुकीपेक्षा या दुसऱ्या अटीमुळे. चूक कंपनीची आणि सिद्ध करायचं ग्राहकाने. शेवटी डिसेंबरमध्ये मागेल त्याला बदलून देतो म्हणून जाहीर करावं लागलं, 47.5 कोटी डॉलरचा फटका हिशोबात दाखवावा लागला. मी हिशोबाचंच काम करते, मला विचाराल तर पहिल्याच आठवड्यात मान्य केलं असतं तर स्वस्तात पडलं असतं, निदान अब्रू तरी वाचली असती.

आणि ॲपलचा तो बटरफ्लाय कीबोर्ड. 2015 पासूनच्या मॅकबुकमध्ये आला, बारीकशी धूळ गेली तरी बटणं अडकायची किंवा एकाच दाबात दोनदा उमटायची. 2018 मध्ये कंपनीने खरेदीपासून 4 वर्षं तो कीबोर्ड फुकट दुरुस्त करून द्यायची योजना काढली. ज्यांनी आधी पैसे भरून दुरुस्त केला होता त्यांना पैसे परत मागायची सोय ठेवली. तुम्ही धूळ का जाऊ दिलीत असं म्हणता आलं असतं की, पण कीबोर्डवर धूळ पडणारच हे शेवटी धरून चालले. तरी अमेरिकेत खटला चाललाच आणि 2022 मध्ये 5 कोटी डॉलर द्यायचं कबूल झालं, ते तिथल्या ठरावीक राज्यांतल्या ग्राहकांना. आपल्याकडे असे सगळ्यांचे मिळून खटले क्वचितच होतात, प्रत्येकजण आपापलं 20 हजारांचं एस्टिमेट घेऊन एकटाच घरी येतो, आणि तुमचं सगळं गणित त्याच्यावर चालू आहे असं मला वाटायला लागलंय.

तर माझ्या मागण्या.

माझ्या लॅपटॉपचं झाकण आणि दोन्ही हिंजेस फुकट बदलून द्या, पासवर्ड न मागता, माझ्यासमोर किंवा ऑनसाइट. नवीन झाकणाची तीच खुंटी पुन्हा तुटली तर काय, म्हणून या दुरुस्तीवर वेगळी 2 वर्षांची लेखी हमी द्या. हे जमत नसेल तर लॅपटॉप परत घ्या आणि बिलाची रक्कम द्या.

सीआयडीचा शेरा लेखी मागे घ्या. मागे घ्यायचा नसेल तर तपासणीचा रिपोर्ट द्या, फोटोसकट, तपासणाऱ्याच्या सहीसकट. नुकसान ग्राहकाने केलं असं तुम्ही म्हणताय तर दाखवायचं तुम्ही.

या मॉडेलचे वॉरंटीत आणि वॉरंटीबाहेर किती हिंज तुटून आले तो आकडा तुमच्या सिस्टममध्ये आहे. तो जाहीर करा, आणि या मॉडेलच्या सगळ्यांसाठी, खरेदीपासून किमान 3 वर्षं, हिंजची दुरुस्ती फुकट करा. ज्यांनी पैसे भरलेत त्यांचे परत करा. ही मागणी तुम्हाला सगळ्यात जड जाणार हे माहितीये, पण हीच माझी मुख्य मागणी आहे, माझ्या एकटीचं काम करून देऊन मला गप्प करू नका.

आणि झाकण, हिंज हे पार्ट सुटे विका, छापील किमतीला, बाहेरच्या रिपेअरवाल्यालासुद्धा. केंद्र सरकारने 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं ते याच कारणासाठी.

हा मजकूर वाचणाऱ्या बाकीच्यांना एवढंच सांगते की कोपऱ्यात फट दिसायला लागली की त्याच दिवशी फोटो काढा, वॉरंटी चालू असेपर्यंत मेलवरच तक्रार करा, नुसत्या फोनवर विसंबू नका, आणि जॉब शीटवर "बाहेरून आपटल्याची खूण नाही" हे वाक्य लिहून घेतल्याशिवाय लॅपटॉप काउंटरवर सोडू नका. माझ्याकडे आज भांडायला जे काय आहे ते त्या एका वाक्यामुळे आहे. पैसे भरून दुरुस्त केला असेल तरी बिल जपून ठेवा, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांपर्यंत आयोगात जाता येतं.

साहेब, मॅडम, हे पत्र मेलने पाठवलंय आणि स्पीड पोस्टानेही. उत्तर लेखी द्या, फोन करू नका, फोनवर झालेलं बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही असा अनुभव आहे. पत्र मिळाल्यापासून 30 दिवस थांबते. त्यानंतर कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार जाईल, मसुदा लिहून तयार आहे, फक्त 7, 11 आणि 20 या तारखांच्या मध्ये कधी भरायची तेवढं बघायचंय.

आपली,
एक ग्राहक, इचलकरंजी